डिचपल्ली ते दत्तपूर : कुष्ठसेवेची एक वाट
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



जुन्या हैदराबाद संस्थानाच्या नकाशात आदिलाबाद जिल्हा अगदी उत्तरेच्या टोकाला होता. त्याच्या दक्षिणेस गोदावरी, उत्तरेस पैनगंगा आणि तिला पुढे आपल्या पोटात घेणारी वर्धा. या नद्यांच्या कुशीत सागवानाची दाट अरण्ये, गोंड व कोलामांचे पाडे आणि काळ्या कापसाळ जमिनीवरची तेलुगू-मराठी मिश्र वस्ती होती. राजुरा आणि किनवट हे आज महाराष्ट्रात असलेले तालुके १९५६ पर्यंत याच जिल्ह्याचे भाग होते. पुढे आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेला, २०१४ मध्ये तेलंगणात आला आणि २०१६ मध्ये त्याचे चार जिल्हे झाले. राज्यांच्या सीमा अशा सरकत राहिल्या, पण तेथला बाजार, तेथली सोयरीक आणि तेथली दुखणी यांनी त्या सीमा फारशा कधी मानल्या नाहीत.

त्या दुखण्यांपैकी एकाची ही हकीकत आहे. गोदावरी ओलांडून आदिलाबादच्या दक्षिणेस उतरले की निजामाबाद जिल्ह्यातील डिचपल्ली लागते. वर्धा ओलांडून उत्तरेस गेले की वरोडा आणि त्याच्याही पुढे वर्ध्याजवळचे दत्तपूर. या तिन्ही ठिकाणी गेल्या शतकात कुष्ठरोग्यांसाठी संस्था उभ्या राहिल्या. पहिली परदेशी ख्रिस्ती मिशनऱ्यांनी उभारली, उरलेल्या दोन मराठी माणसांनी. वरोडा आणि दत्तपूर ही नावे मराठी वाचकाच्या ओठांवर आहेत. डिचपल्लीचे नाव मात्र मराठी पुस्तकांत क्वचितच आढळते. ते आढळावयास हवे होते.

आधी रोगाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण या रोगाइतका त्याच्या नावांनीच छळलेला दुसरा रोग नसेल. महारोग, रक्तपिती, कुष्ठ असे तीन शब्द मराठीत रूढ होते आणि तिन्ही दिशाभूल करणारे होते. आयुर्वेदात 'कुष्ठ' या एका नावाखाली सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे मिळून अठरा त्वचारोग येतात, म्हणजे आज ज्याला कुष्ठरोग म्हणतात तो त्यांतला एक अंश. इकडे मिशनरी आपल्याबरोबर बायबल घेऊन आले. त्यातील जुन्या करारात ज्या विकारामुळे माणूस 'अशुद्ध' ठरतो त्याचेही इंग्रजी भाषांतर याच रोगाच्या नावाने झालेले होते, आणि आजचे अभ्यासक तो विकार वेगळा मानतात. पूर्वजन्मीचे पाप म्हणणारा एक समाज आणि अशुद्धी म्हणणारा दुसरा धर्मग्रंथ, अशा दोन्ही बाजूंचे ओझे रोग्याच्या डोक्यावर आले. नव्या करारातील येशू अशा रोग्याला हात लावतो, हा प्रसंग मिशनऱ्यांना प्रेरणा देणारा ठरला हे खरे. पण 'अशुद्ध' हा शब्द त्यांच्याही प्रचारसाहित्यातून बराच काळ हटला नाही, हेही नोंदविले पाहिजे.

वस्तुतः हा एका सूक्ष्म जंतूचा रोग. नॉर्वेतील हान्सन यांनी तो जंतू १८७३ मध्ये दाखविला. तो फार मंदगतीने वाढतो. संसर्ग आणि पहिला चट्टा यांच्यामध्ये कित्येक वर्षे जातात, आणि बहुसंख्य माणसांना तर तो मुळीच बाधत नाही. त्याचा खरा घाव मज्जातंतूंवर असतो. चट्ट्यावर मोरपीस फिरविले तर कळत नाही, ऊन पाणी ऊन लागत नाही. चुलीवरचे भांडे उघड्या हातांनी उतरविणाऱ्या स्त्रीला बोट भाजल्याचे समजत नाही. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्याच्या तळव्यात काटा आठवडाभर तसाच राहतो. जखम चिघळते, हाड जाते, आणि लोक म्हणतात की रोगाने बोटे झडली.

अशा माणसाचे पुढे काय होत असे? सुस्थितीतल्या घरांत त्याला मागच्या खोलीत दडवीत. गरिबाच्या घरी गावाबाहेर झोपडी आणि लांबून ठेवलेली भाकरी. मग देवळाची पायरी, यात्रेची वाट, रेल्वे स्टेशनची कमान. ब्रिटिश मुलखात १८९८ चा कायदा झाला, त्यानुसार भीक मागणाऱ्या निर्धन कुष्ठरोग्याला पकडून आश्रयगृहात कोंडता येत असे. कायद्याच्या दृष्टीने तो रोगी नव्हता, रस्त्यावरून हलविण्याची वस्तू होता.

या माणसांसाठी संघटितपणे काही करावे असे हिंदुस्थानात प्रथम ज्यांना वाटले त्यांत वेलेस्ली बेली हे आयरिश गृहस्थ ठळक आहेत. पंजाबात अंबाल्यास शिक्षक असताना त्यांनी मिशनच्या आवारातील कुष्ठरोग्यांच्या झोपड्या पाहिल्या आणि १८७४ मध्ये डब्लिन येथे या कामासाठी संस्था स्थापन केली. पुढील काही दशकांत तिच्या साहाय्याने देशात अनेक आश्रयगृहे निघाली. या आश्रयगृहांना नावे ठेवणे आज सोपे आहे. तेथे अन्न मिळे, वस्त्र मिळे, जखमा धुतल्या जात, प्रार्थना होत आणि शेवटी नीट दफन होई. परंतु औषध नव्हते, कारण औषध जगात कोठेच नव्हते. स्त्रिया आणि पुरुष वेगळे ठेवीत, नवरा-बायकोंची ताटातूट होई, निरोगी मुलांना आईबापांपासून दूर वसतिगृहात वाढवीत. आत गेलेला माणूस पुन्हा बाहेर येईल अशी कोणाचीच अपेक्षा नसे, देणगीदारांची नाही, मिशनऱ्यांची नाही आणि रोग्याची तर नाहीच. दयेला तेथे तोटा नव्हता, पण 'बरे होणे' हा शब्द मात्र तेथे कोणी उच्चारीत नसे.

डिचपल्लीचे महत्त्व असे की दयेकडून उपचाराकडे जाणारे वळण ज्या थोड्या ठिकाणी प्रथम घेतले गेले, त्यांत या आडबाजूच्या खेड्याचा समावेश होतो.

इझाबेल गन यांचा जन्म १८७५ मध्ये उत्तर स्कॉटलंडमधील एका शेतकरी कुटुंबात झाला. १९०३ मध्ये त्या ॲबर्डीन विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. स्कॉटलंडच्या विद्यापीठांची दारे स्त्रियांना उघडून तेव्हा जेमतेम दशक लोटले होते. (आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्येच अमेरिकेतून पदवी घेऊन आल्या होत्या, हे येथे आठवते.) धर्मोपदेशक जॉर्ज कर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि १९०७ मध्ये हे जोडपे वेस्लियन मेथडिस्ट मिशनतर्फे निजामाच्या राज्यात आले. याच मिशनचे चार्ल्स पॉस्नेट मेदक येथे काम करीत होते. दुष्काळात लोकांच्या हाताला काम आणि पोटाला अन्न मिळावे म्हणून त्यांनी तेथे बांधावयास घेतलेले भव्य चर्च १९२४ च्या नाताळात पूर्ण होऊन खुले झाले. ते आजही दक्षिणेतील मोठ्या प्रार्थनामंदिरांत गणले जाते.

कर दांपत्याला निजामाबाद नेमून दिले गेले. इझाबेलबाईंकडे दवाखाना होता. तापाचे, बाळंतपणाचे, डोळ्यांचे रुग्ण येत, तसे कुष्ठरोगीही येत. त्यांना देण्यासारखे काही नव्हते आणि परत पाठविणेही जमत नव्हते. प्रथम त्यांच्यासाठी लहानसा निवारा करण्यात आला. मागणी वाढली, जागा अपुरी पडू लागली. तेव्हा नरसा गौड या हिंदू दानशूर गृहस्थांनी मोठी देणगी दिली आणि १९१५ मध्ये डिचपल्ली येथे व्हिक्टोरिया या नावाने कुष्ठरुग्णालय उघडले. हा तपशील नजरेआड करू नये. मिशनचे कुष्ठालय म्हटले की ते विलायतेच्या पैशावर उभे राहिले असणार असे सरसकट गृहीत धरले जाते. येथे आरंभाचा मोठा वाटा एका तेलंगी हिंदू गृहस्थाचा होता. त्याने तो देताना रोग्याची जात विचारली नाही आणि डॉक्टरणीचा धर्मही आड येऊ दिला नाही.

हैदराबादहून निजामाबाद, नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद असा मनमाडपर्यंत जाणारा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेला होता आणि डिचपल्ली याच मार्गावर आहे. मराठवाडा आणि तेलंगण यांना जोडणाऱ्या या वाटेवर रुग्णालय येणे ही सोयीची गोष्ट होती. मात्र ती कुष्ठरोग्याला पुरती उपयोगी पडत नसे, कारण सांसर्गिक रोग असलेल्या उतारूला गाडीत न घेण्याचे नियम रेल्वेकडे होते. ज्याला अंगरख्याने चट्टे झाकता येत तो गाडीने येई. ज्याचे हात-पाय बोलत, त्याला चालत यावे लागे.

उपचार म्हणजे काय होते? कोकणात आणि सह्याद्रीच्या ओल्या रानांत 'कडू कवठ' नावाचे झाड आहे. सुश्रुतसंहितेत 'तुवरक' म्हणून ज्याचे तेल कुष्ठावर सांगितले आहे ते हेच, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. बंगाल-ब्रह्मदेशाकडील त्याचा भाऊबंद म्हणजे चालमोगरा. हे तेल हजारो वर्षे लोक पीत आले. पण ते इतके उलटी आणणारे की पुरेशा मात्रेत कोणाच्याच पोटात टिकत नसे. १९१५ नंतरच्या काही वर्षांत कलकत्त्याचे लिओनर्ड रॉजर्स यांनी त्याचे सुईने टोचता येतील असे प्रकार सिद्ध केले आणि अर्नेस्ट म्यूर यांनी ती पद्धत पुढे वाढविली. म्यूर स्वतः मिशनरी डॉक्टर होते आणि नंतर कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या विद्यालयात कुष्ठविभाग सांभाळीत. कर दांपत्याने हा उपचार डिचपल्लीस आणला.

ऐकावयास हे सोपे वाटते, सोसावयास तसे नव्हते. दाट तेल, जाड सुई, आठवड्यातून एकदोनदा आणि तेही वर्षानुवर्षे. टोचलेल्या जागा सुजत, ताप येई. शिवाय म्यूर यांचा आग्रह असा की नुसत्या तेलाने भागणार नाही. पोटातले जंत, हिवताप, उपदंश यांवर आधी इलाज करा, पोटभर खाऊ घाला, अंगमेहनत करून घ्या, मग शरीर स्वतःच झगडेल. त्यामुळे नव्या पद्धतीच्या कुष्ठालयात शेतीवाडी, बागकाम, सुतारकी ही निव्वळ संस्थेचा खर्च भागविण्याची साधने राहिली नाहीत, ती औषधयोजनेचा भाग झाली. ज्याला गावाने 'निकामी' ठरविले होते त्याच्या हातात डॉक्टरांच्या सांगण्यावरून कुदळ आली. पुढे वरोड्यास बाबा आमटे यांनी श्रमाला जे स्थान दिले त्याची बीजे या काळात दिसतात. मात्र बाबांनी त्याला जो स्वाभिमानाचा अर्थ दिला तो सर्वस्वी त्यांचा स्वतःचा.

या तेलाने रोग बरा होत असे काय? आजच्या वैद्यकाचा कौल असा की त्याचा गुण मर्यादित होता. सुरुवातीच्या अवस्थेतील काही रोग्यांचे चट्टे फिके पडत, आणि त्यांतले काही उपचाराशिवायही सुधारले असते. जुन्या, पसरलेल्या रोगात त्याने विशेष साधत नसे. असे असूनही या तेलाने एक गोष्ट घडवून आणली आणि तिचे मोल जंतूंच्या मोजदादीत मांडता येत नाही. पूर्वी माणूस आश्रयगृहाच्या दारात येई तो सर्व काही गमावल्यावर, बोटे गेल्यावर, घर सुटल्यावर. आता 'तेथे सुई मिळते' ही बातमी पसरली आणि पहिला चट्टा दिसताच लोक येऊ लागले. रोग लपविण्याऐवजी दाखवावा असे वाटण्यास प्रथमच कारण मिळाले. आशा ही भावना खरी, पण येथे तिने रोग्याला लवकर घराबाहेर काढून डॉक्टरकडे आणण्याचे अगदी व्यावहारिक काम केले. काही रोगी तर लक्षणे शमल्याचा दाखला घेऊन बाहेर पडू लागले. आश्रयगृहातून जिवंत माणूस बाहेर येण्याचा हा नवलाचा आरंभ होता.

१९२३ मध्ये कर पतिपत्नींना कैसर-इ-हिंद पदक मिळाले. इझाबेलबाई १९३२ मध्ये निवर्तल्या. त्यांच्या हयातीतच जॉन लो नावाचे तरुण डॉक्टर डिचपल्लीस आले होते. कुष्ठरोगाचे शास्त्रीय निरीक्षण त्यांनी येथे सुरू केले, मग ते कलकत्त्यास गेले आणि पुढे पश्चिम आफ्रिकेत नायजेरियातील उझुआकोली येथील मेथडिस्ट कुष्ठवसाहतीत. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी तेथे डॅप्सोन हे औषध गोळीच्या रूपाने, अल्प मात्रेत आणि नगण्य खर्चात देता येते हे दाखवून दिले. १९४१ मध्ये अमेरिकेत कारव्हिल येथे गंधकयुक्त सल्फोन औषधांचा गुण प्रथम दिसला होता, पण ती शिरेतून द्यावी लागत आणि महाग होती. लो यांच्या गोळीने औषध खेड्यापर्यंत पोहोचण्याजोगे झाले. कडू कवठाच्या सुईवर हात बसलेल्या डॉक्टराने ती सुईच अनावश्यक करून टाकली.

आता एका अवघड प्रश्नाकडे वळले पाहिजे. मिशनची सेवा धर्मांतरासाठी होती काय? मिशनरी आपला धर्म सांगण्यासाठीच आले होते, ते त्यांनी कधी लपविले नाही. मिशनच्या रुग्णालयांत प्रार्थना होई, बायबल वाचले जाई, आणि तेथे राहणाऱ्यांपैकी काही ख्रिस्ती होत. पोटासाठी परावलंबी झालेल्या, घराने टाकलेल्या माणसाचा धर्मबदल कितपत मोकळ्या मनाचा असतो, ही शंका रास्त आहे आणि ती अनेक विचारवंतांनी बोलून दाखविली. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनावरून १८९३ मध्ये पुण्यात जे वादळ उठले त्याची मुळे याच शंकेत होती. परंतु कुष्ठरोग्याच्या बाबतीत शंका घेणाऱ्या समाजाची बाजू विशेष लंगडी पडते. विधवेला निदान घराच्या कोपऱ्यात जागा होती. कुष्ठरोग्याला समाजाने आधीच बाहेर काढले होते. ज्याला स्वतःच्या गावाच्या देवळात प्रवेश उरला नाही, त्याला दुसऱ्या देवळाच्या पायरीवरून खेचण्याचा अधिकार कोणाला?

हा प्रश्न सर्वांत प्रामाणिकपणे गांधीजींनी हाताळला. धर्मांतराला त्यांचा उघड विरोध होता. तरीही १९४१ मध्ये लिहिलेल्या आणि १९४५ मध्ये वाढविलेल्या रचनात्मक कार्यक्रमावरील पुस्तिकेत त्यांनी कुष्ठरोग्यांच्या सेवेला स्वतंत्र कलम दिले आणि या देशात ही सेवा मुख्यतः मिशनरीच करतात, हे त्यांच्या श्रेयाला जोडून मान्य केले. निव्वळ प्रेमापोटी एका भारतीयाने चालविलेली संस्था म्हणून त्यांनी एकच नाव घेतले, वर्ध्याजवळचे मनोहर दिवाण.

मनोहर दिवाण हे विनोबांचे सहकारी. वर्ध्याच्या आसपास खेड्यांतून हिंडताना त्यांना कुष्ठरोगी भेटत गेले आणि १९३६ मध्ये त्यांनी दत्तपूर येथे कुष्ठधाम सुरू केले. खादी सोडून हे कोठे वळलात, असे वाटण्याचा तो काळ होता. १९३९ च्या अखेरीस संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री सेवाग्रामास आले. येरवड्याच्या तुरुंगात ते गांधीजींचे सहबंदी होते आणि आता त्यांचा रोग बळावला होता. आश्रमात त्यांच्यासाठी झोपडी बांधली गेली आणि गांधीजी स्वतःच्या हातांनी त्यांना मालीश करीत. ते छायाचित्र पुढे देशभर पाहिले गेले. १९४५ मध्ये शास्त्रीबुवांचे निधन दत्तपुरास झाले. ख्रिस्ती मिशनच्या चौकटीबाहेर, वेदपाठी ब्राह्मणाच्या देहावर महात्म्याचा हात पडला, तेव्हा हे काम 'त्यांचे' राहिले नाही, 'आपल्यां'चेही झाले.

त्यानंतरची हकीकत सर्वपरिचित आहे. अमरावतीस शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभे केले. बाबा आमटे कलकत्त्याच्या त्याच विद्यालयात कुष्ठोपचार शिकून आले. वरोड्याजवळच्या खडकाळ माळावर त्यांनी साधनाताई, दोन मुलगे, सहा रोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये यांनिशी आनंदवन वसविले. १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. आनंदवनाविषयी मराठीत इतके लिहिले गेले आहे की येथे अधिक सांगणे नको. फक्त एक साम्य दाखवावेसे वाटते. डिचपल्लीत जी अडचण होती तीच आनंदवनात राहिली. माणूस बरा होई, पण गाव त्याला परत घेत नसे. औषधाने जंतू मरत, दाखला मिळे, आणि तो दाखला घेऊन गेलेला माणूस काही दिवसांनी परत संस्थेच्या दारात उभा राही. म्हणून वसाहती वाढत गेल्या, त्यांत शेती आली, शाळा आली, लग्ने लागली. ही वसाहतींची थोरवीच आहे, पण त्याच वेळी ती गावांच्या दाराला लागलेल्या अडसराची मोजणीही आहे.

हा अडसर बाजूला सारण्याचा वेगळा विचार पुन्हा वर्ध्यातूनच पुढे आला. १९५१ मध्ये तेथे गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले आणि त्याची सूत्रे डॉ. र. वि. वारदेकर यांच्याकडे आली. त्यांनी प्रश्न उलटा मांडला. रोग्याला घरातून काढून संस्थेत आणावयाचे आणि मग त्याला पुन्हा घरात घाला म्हणून विनवावयाचे, यापेक्षा त्याला घरातून हलवूच नये. कार्यकर्त्याने गावोगाव जाऊन प्रत्येक घरातील प्रत्येक माणूस तपासावा, रोग काय आहे ते घरच्यांना आणि गावाला समजावून सांगावे आणि गोळी तेथेच द्यावी. पाहणी, शिक्षण आणि उपचार ही त्रिसूत्री १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाचाही पाया ठरली. भव्य इमारती नसल्याने वारदेकरांच्या कामाची छायाचित्रे निघाली नाहीत आणि म्हणूनच की काय, त्यांचे नाव बाबांच्या नावाइतके लोकांच्या तोंडी नाही.

याच सुमारास मिशनच्या बाजूनेही मोठी भर पडली. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या हातांचा अभ्यास केला आणि बोटे रोगाने झडत नाहीत, वेदना न कळल्यामुळे होणाऱ्या इजांनी जातात, हे ठामपणे दाखविले. लुळ्या पडलेल्या बोटांत शस्त्रक्रियेने दुसऱ्या स्नायूची दोरी ओढून घेऊन त्यांनी आखडलेले हात पुन्हा उघडणारे केले. मऊ तळव्याची चप्पल, लाकडी मुठीचे भांडे, रोज संध्याकाळी आपले तळवे डोळ्यांनी तपासण्याची सवय अशा साध्या गोष्टींनी पाय वाचू लागले.

आदिलाबादपुरते सांगावयाचे तर १९६२ मध्ये चांदा येथे केरळच्या सिरो-मलबार कॅथलिक परंपरेचे मिशनक्षेत्र स्थापन झाले. आदिलाबाद जिल्हाही पुढे त्याच्याकडे आला आणि १९९९ मध्ये त्याचा स्वतंत्र धर्मप्रांत होऊन त्याचे पीठ मंचिर्याल येथे आले. विलायती मिशनऱ्यांच्या जागी मल्याळी धर्मगुरू व भगिनी आल्या. डिचपल्लीचे रुग्णालयही १९४७ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण भारत चर्चच्या मेदक धर्मप्रांताकडे गेले. आज तरुणांना डिचपल्ली ठाऊक असते ती तेथील तेलंगण विद्यापीठामुळे.

१९८० च्या दशकात तीन औषधांचा एकत्रित उपचार आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने त्याची शिफारस १९८१ मध्ये केली आणि देशात तो प्रथम राबविला गेलेल्या जिल्ह्यांत वर्धा होता. रोग्याने आयुष्यभर गोळ्या घेण्याची गरज संपली. सहा महिने किंवा वर्षभर पुरे झाले. १९८३ मध्ये देशात दर दहा हजार लोकसंख्येमागे सुमारे ५८ रोगी नोंदले होते. डिसेंबर २००५ मध्ये हे प्रमाण एकाच्या खाली आले आणि सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचे देशपातळीवर निर्मूलन झाल्याचे जाहीर करण्यात आले. त्याचा अर्थ रोग नाहीसा झाला असा नव्हे. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रोग्यांपैकी निम्म्याहून अधिक अजून भारतातच सापडतात.

कायद्याची चाल या सर्वांहून मंद निघाली. १८९८ चा कायदा, ज्याने भिकारी रोग्याला पकडण्याची मुभा दिली होती, तो संसदेने रद्द केला २०१६ मध्ये. जोडीदाराला कुष्ठरोग असणे हे घटस्फोटाचे कारण म्हणून विवाहविषयक कायद्यांत होते, ते काढले गेले २०१९ मध्ये, म्हणजे लो यांच्या गोळीनंतर सुमारे सत्तर वर्षांनी. जुन्या कुष्ठधामांतून आणि त्यांच्याभोवती वाढलेल्या वसाहतींतून आज जी माणसे राहतात त्यांतली बहुतेक रोगमुक्त आहेत आणि त्यांची मुले-नातवंडे तर कधी रोगी नव्हतीच. तरीही नोकरीच्या अर्जात किंवा सोयरिकीच्या बोलण्यात राहण्याचा पत्ता सांगताना त्यांतल्या कित्येकांना अजून क्षणभर थांबावे लागते.